कोण लोक, ते तू विचारलं नाहीस

इब्राहीम,

तू सांगत होतास तोवर मी गेलो नाही. तुला माती देऊन आलो, आणि मगच निकिताच्या तांड्याकडे माझे पाय वळले. हे आधी सांगून टाकतो, कारण तू असतास तर तूही हेच आधी विचारलं असतंस. बसायच्या आत, चहा सांगायच्या आत. ‘गेलता का?’

कॉलेजच्या वार्षिकांकासाठी तुझ्यावर दोन पानं लिहा, असं मला सांगितलं गेलंय. उपप्राचार्य म्हणून, आणि तुझा सगळ्यात जुना मित्र म्हणून. तुझं शिक्षण, भूगोल विभागातली तुझी कारकीर्द, मिळालेले सत्कार, सगळी माहिती कार्यालयातून मिळेल म्हणाले. ती ज्याला हवी त्यानं घ्यावी. मला जे लिहायचं आहे ते कार्यालयाच्या कागदांत नाही. ते स्टाफरूमच्या खिडकीजवळ घडलं. तिथं आपण दोघंच होतो, आणि त्यातला मी उरलो आहे. मी ते लिहून ठेवलं नाही तर उद्या ते घडलंच नव्हतं असं होऊन जाईल. गप्प बसणं इतकं सोपं आहे, याचीच मला धास्ती वाटते.

आपली ओळख कशी झाली ते तू नव्या पोरांना दरवर्षी सांगायचास, आणि दरवर्षी मी ओशाळून खिडकीबाहेर बघायचो. बी.ए.चं पहिलं वर्ष, हेच कॉलेज. तुझ्या घरात दहावीच्या पुढं कुणी गेलेलं नव्हतं, माझ्या घरात दहावीपर्यंतही कुणी पोचलेलं नव्हतं. एका सकाळी शिपाई दारातूनच ‘तास ऑफ’ एवढं बोलून गेला आणि सगळा वर्ग उठून बाहेर पडला. मागच्या बाकावर मी आणि खिडकीशी तू, दोघंच बसून राहिलो. ऑफ म्हणजे काय, हे दोघांनाही माहीत नव्हतं. मला वाटलं, सर उशिरानं येतील. तुला वाटलं, बाहेर गेलेल्यांना दंड पडेल. अख्खा तास आपण ताठ बसून होतो, वह्या उघडून. शेवटी तू मागं वळलास.

‘काहो,’ तू म्हणालास, ‘इथं हाकलायले बी कोनी येऊन नाही राह्यलं.’

मी हसलो. कॉलेजात आल्यापासून पहिल्यांदा हसलो. त्या आधीचे कितीतरी दिवस मी भिंतीला खेटून चालत होतो. वाचनालयाच्या दारात उभा राहायचो, आत जायचो नाही, कारण आत जायला कुणाला विचारायचं ते कळत नव्हतं. तुलाही कळत नव्हतं. पण तू ते मोठ्यानं म्हणायचास. ‘आपल्याले काही समजत नाही बे मन्या, चाल कोनाले तरी इचारू.’ या एका वाक्यावर आपण तीन वर्षं काढली.

आणि तो दिवस. सरांनी मला उभं करून विचारलं होतं, उत्तर का देत नाहीस, आणि मी म्हणालो, ‘मले येत नाही सर.’ उत्तराचं कुणाला काही नव्हतं, ‘मले’वर वर्ग फुटला. यवतमाळच्या मोठ्या घरांतली दोन-तीन पोरं बाक बडवायला लागली. माझ्या कानाच्या पाळ्या इतक्या तापल्या होत्या की अजून आठवलं तर हात तिकडं जातो. मी मनात ठरवलं होतं, संध्याकाळच्या एसटीनं गावाला जायचं आणि परत यायचं नाही. आणि तू उठलास.

तुझे अब्बा बोरी अरबला बैलांच्या खुरांना नाल मारायचे. पोळ्याच्या आधी पंचक्रोशीतले बैल तुमच्या दारात. त्यामुळं पोळ्याच्या झडत्या गावातल्या कुठल्याही पोरापेक्षा तुझ्या तोंडात जास्त. वऱ्हाडाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, झडती म्हणजे तोरणाखाली बैल उभे असताना एका बाजूनं दुसऱ्या बाजूला मारलेला यमकाचा टोमणा. ज्याला लागला त्यानं रागवायचं नाही, उलटी झडती मारायची. पोळा फुटला की सगळं फिटलं. तू वर्गाच्या मध्यभागी उभा राहिलास, डोक्यावर नसलेला पटका सारखा केलास, आणि हाळी दिलीस,

‘यवतमाळच्या रस्त्यानं गेली माही गाडी,
बैल माहे वऱ्हाडी, हासे वरची माडी.
हासता हासता पडले तिचे दात,
आता गाडीवाल्याच्या घरी चावून मांगते भात.’

सरसुद्धा हसले. बाक बडवणारी पोरंही हसली, त्यांच्यातला एक तर तुझ्याकडून झडत्या शिकायला लागला. संध्याकाळची एसटी गेली आणि मी स्टँडवर नव्हतो. आज माझ्या दारावर जी पाटी आहे, तिच्या मागं तुझ्या त्या चार ओळी आहेत. हे मी तुला कधी म्हणालो नाही. मला वाटायचं, तुला माहीत असेल.

पुढं मी ‘मले’ सोडलं. कुणी सोडायला लावलं नाही, माझं मीच, आरशापुढं उभं राहून सोडलं. तू सोडलं नाहीस. दोघंही याच कॉलेजात शिकवायला लागलो तरी त्यावरून आपलं वाजायचं.

‘पोरांना उद्या मुलाखतीला जायचं असतं इब्राहीम. तिथं त्यांनी काय बोलायचं?’

‘मुलाखत पाच मिनिटाची रायते बे. कॉलेज तीन वर्साचं रायते. तीन वर्स मुकं ठिवतं काय लेकराले?’

‘मग शिस्त नको?’

‘शिस्त पाह्यजे ना. तू आहे ना गेटावर.’

हा टोमणा होता. उपप्राचार्य झाल्यापासून मी रोज सकाळी गेटावर उभा राहायचो, ओळखपत्रं बघायचो. तू म्हणायचास, ‘ज्याले आत यायची भीती वाटली, तोच दारात उभा झाला पाह्य.’ मी ते हसण्यावारी न्यायचो. पण खरं सांगू का, या कॉलेजात इतकी वर्षं काढूनही मला आतून सारखं वाटत राहतं की कुणीतरी येईल आणि विचारेल, तू इथं कसा. म्हणून मीच आधी दुसऱ्यांना विचारत सुटलो.

निकिता आडे या वर्षी आली. फुलसावंगीच्या पुढचा बंजाऱ्यांचा तांडा, तिच्या घरात कॉलेजला आलेली पहिलीच. जुलैमध्ये वाचनालयातून काही पुस्तकं चोरीला गेली होती आणि मी गेटावर जरा जास्तच कडक झालो होतो. तिला विचारलं, कुठली? तिनं तांड्याचं नाव सांगितलं. मी म्हणालो, बॅग उघड. तिच्या पुढच्या मुलीची बॅग मी उघडायला लावली नव्हती, तिच्या मागच्या मुलीची लावली नाही. त्या वेळी हे माझ्या ध्यानात आलं नाही. ध्यानात आलं नाही असं म्हणून मी सुटत नाही, हेही आता कळतं. बॅगेत वही होती आणि फडक्यात बांधलेली भाकर.

मग तुझं ते पोळ्याच्या आठवड्यातलं स्वागत. ओळख करून द्यायच्या कार्यक्रमात खेड्यापाड्याची पोरं नाव सांगून मान खाली घालून बसतात, हे तुला वर्षानुवर्षं खुपत होतं. या वर्षी तू मैदानात आंब्याच्या पानांचं तोरण बांधलंस. एका बाजूला नवी पोरं, दुसऱ्या बाजूला जुनी पोरं आणि आपण शिक्षक. बैल नाहीत, नुसत्या झडत्या. नवीन असेल त्यानं कॉलेजला झडती मारायची, कॉलेजनं परत मारायची. सुरुवातीला कुणी हललं नाही. मग एका पोरानं कॅन्टीनच्या पातळ चहावर मारली आणि बांध फुटला. मी पहिल्यांदा बघत होतो, पहिल्या वर्षाची पोरं ऑगस्टमध्येच मोठ्यानं बोलताना. संस्थेचे सचिव पुढच्या खुर्चीत होते, तेही मांडीवर थाप मारत होते.

निकिता उठली. झडत्या पुरुषांच्या, पोरीनं मारलेली कुणी ऐकली नव्हती, त्यामुळं मैदान चिडीचूप. तिनं माझ्याकडं बोट नाही, नुसती हनुवटी केली.

‘गेटावरचे सर पुसे, कोन्या गावची पोर?
तांड्याचं नाव घेतलं तं बॅगीत पाहे चोर.’

मैदान असं हसलं की तोरण हललं. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. तोच वर्ग, तीच बाकं, मी पुन्हा उभा आणि सगळे हसताहेत. माइकची वायर माझ्या पायाशी होती. मी वाकलो आणि काढली.

एवढंच. त्याला क्षणही लागला नाही. ती तोंड हलवत होती आणि आवाज येत नव्हता. मग तिनं तोंड हलवणं थांबवलं, सगळ्यांकडं बघितलं, आणि खाली बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी वसतिगृहातून तिची पेटी गेली होती.

तू मला स्टाफरूमच्या खिडकीजवळ गाठलंस. तू चिडला नव्हतास, तेच मला जड गेलं.

‘पुरी ऐकली असती बे,’ तू म्हणालास. ‘दोन ओळी राह्यल्या होत्या तिच्या, मी इचारल्या तिले. चोर नाही सर मी, आहो तुमचीच लेक. बॅगीत आहे भाकर, खाता काय एक? हे होतं पुढं. तू हासला असता मन्या. तू सोता हासला असता.’

मी काय म्हणायला हवं होतं ते आता मला येतं. चुकलं, असं म्हणायला हवं होतं. एक शब्द होता. पण तू बरोबर होतास आणि मी उघडा पडलो होतो, आणि उघड्या माणसाला जे हाती लागेल ते तो अंगावर ओढतो. मी म्हणालो,

‘तिचं सोड. लोक बोलायला लागलेत. पोळा कॉलेजात, अन् तो इब्राहीम सर भरवतात. आता आधीचे दिवस नाहीत. मी तुझ्यासाठीच बंद केला माइक.’

इब्राहीम, कुणीही बोललं नव्हतं. सचिव नाही, शिक्षक नाही, गावातलं कुणी नाही. ते वाक्य मी त्या खिडकीशी, त्या घटकेला तयार केलं. आजूबाजूच्या हवेत असली वाक्यं हल्ली तयारच असतात, हात वर केला की मिळतात. मी हात वर केला.

तू माझ्याकडं बघत राहिलास. मग ‘बरं’ म्हणालास, टेबलावरचा चष्मा उचललास आणि तासाला गेलास.

त्यानंतर तू बदललास असं इतर कुणाला जाणवलं नसेल. तास घेत होतास, पोरांची थट्टा करत होतास. पण मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये यायचं तू बंद केलंस. चहा विभागातच मागवायला लागलास. गॅदरिंगच्या समितीतून नाव काढून घेतलंस, ‘नव्यायले करू द्या’ म्हणालास. ज्या कॉलेजात तू विद्यार्थी होतास, ज्याच्या मैदानातली अर्धी झाडं तू पोरांकडून लावून घेतलीस, तिथं तू पाहुण्यासारखा वागायला लागलास. वेळेवर यायचं, काम करायचं, निघायचं. मी हे रोज बघत होतो. बघून रोज ठरवत होतो, उद्या सांगू.

माझ्याशी तू एकाच गोष्टीवर बोलायचास.

‘पोरगी नाही आली अजून. जाय ना तू.’

‘तूच जा ना. तुझं ऐकेल ती.’

‘मी गेलो तं माह्यासाठी येईन. तिले तुह्या गेटातून या लागते बे. माह्या नाही.’

‘जातो. या रविवारी.’

‘आयतवार संपतीन अशानं वर्सातले.’

फोनवर आपलं शेवटचं बोलणंही हेच. तू विचारलंस, मी रविवार म्हणालो, तू नुसता हसलास आणि फोन ठेवलास. त्या हसण्यात राग होता का, ते मी तेव्हा ऐकायचा प्रयत्न केला नाही. आता रोज ऐकायचा प्रयत्न करतो. त्याच आठवड्यात तुझं हृदय थांबलं. घरात नसीमभाभींना गाडी बोलवायलाही सवड दिली नाहीस.

कब्रस्तानात कॉलेज लोटलं होतं. पोरं रडत होती, मी रडू शकलो नाही. मूठभर माती घेतली तेव्हा वाटलं, आता तू मला कधीच विचारणार नाहीस, गेलता का म्हणून. सुटलो, असं वाटलं इब्राहीम. एका क्षणापुरतं. ते वाटल्याची लाज घेऊन मी पुढच्या रविवारी गाडी काढली.

तांड्यावर गेलो तर घरी कुणी नव्हतं. कापूस फुटलेला, सगळी माणसं शेतात. धुऱ्याधुऱ्यानं, शेतांच्या बांधावरून, गेलो. बायांच्या रांगेत निकिता, कमरेला ओटी बांधलेली, ओटी कापसानं फुगलेली. तिनं मला ओळखलं आणि वेचायची थांबली नाही.

‘सर? तुमी?’

मग माझ्या मागं बघितलं. ‘इब्राहीम सर नाही आले?’

वाटभर मी काय काय बोलायचं ते जुळवत आलो होतो. हे त्यात नव्हतं. कॉलेजच्या सगळ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून ती पेटी घेऊन गेली त्याच दिवशी बाहेर पडली होती, तिला काही कळलेलंच नव्हतं.

‘इब्राहीम सर गेले, निकिता.’

‘कुठं?’

मला दुसऱ्यांदा म्हणता येईना. तिनं माझं तोंड बघितलं आणि धुऱ्यावर बसली. ओटी सुटली, कापूस मातीत सांडला. रांगेतून तिची आई धावत आली. ‘याडी,’ म्हणून तिनं आईला काहीतरी सांगितलं, त्यांच्या बोलीत, मला ‘सर’ एवढंच कळलं. आई तिच्या पाठीवर हात ठेवून बसली. मी उभाच. मला कुणी बस म्हणालं नाही आणि त्यात काही चूक नव्हतं.

तिनं तोंड पुसलं. ‘मंग तुमी काहून आले?’

‘तुला परत न्यायला. ते मला सांगत होते, तू जा म्हणून.’

‘ते सांगत होते तवा काहून नाही आले?’

मी सांडलेल्या कापसाकडं बघितलं.

‘माइक काहून बंद केलता सर?’

आणि बघ, काय होतं माणसाचं. तू नाहीस, तुझी माती ओली आहे, आणि माझ्या तोंडातून पुन्हा तेच निघालं. ‘अगं, लोक बोलायला लागले होते. इब्राहीम सर पोळ्याचं करतात म्हणून.’

‘कोन लोक?’

भांडण म्हणून नाही विचारलं तिनं. तुझ्या-माझ्यासारख्या घरातली पोर विचारते तसं विचारलं, खरोखर माहीत नाही म्हणून.

‘होते काही.’

‘ते पुढं बसले होते ते सायेब?’

‘नाही.’

‘दुसरे सर लोक?’

‘नाही.’

‘पोरं? पोरं तं हासून राह्यले होते.’

‘पोरंही नाही.’

‘मंग कोन?’

आई माझ्याकडं बघत होती. रांगेतल्या बाया थांबल्या होत्या.

‘कोणीच नाही,’ मी म्हणालो. ‘मीच. तू माझ्यावर झडती मारलीस, सगळे हसले, मला ते सोसलं नाही. नंतर सरांना मी खोटं सांगितलं, लोक बोलतात म्हणून.’

 ‘अन् सरायनं ऐकून घेतलं?’

‘बरं म्हणाले.’

‘मंग खोटं होतं हे त्यायले कधी सांगतलं?’

‘नाही सांगितलं.’

तिनं सांडलेला कापूस गोळा करायला घेतला. त्यातली माती झटकत झटकत बोलली, माझ्याकडं न बघता. ‘माहं काही नाही सर. तुमी मले चोर समजले, मी झडती मारली. पुरी होऊ देली असती तं तेथंच फिटलं असतं. सरांचं कसं फिटते आता?’

मीही वाकून थोडा कापूस उचलला.

‘मले सांगून काय होते? या वावरात कोन आयकते? सरांवर कार्यक्रम तं होईनच ना कॉलेजात?’

‘सोमवारी. शोकसभा आहे.’

‘तेथं सांगसान?’

मी हो म्हणालो. तिचा विश्वास बसला नाही, ते दिसलं. परतीच्या वाटेवर माझाही बसत नव्हता. सगळ्या कॉलेजापुढं, सचिवांपुढं, ज्यांनी काही केलं नाही त्यांच्या तोंडावर मी काय सांगणार होतो? की आपल्यातलं विष कुणी बाहेरून आणलं नव्हतं, ते माझ्याच खिशात होतं. सोमवारची सकाळ होईपर्यंत मी कितीदा ठरवलं की नुसतं चांगलं बोलायचं. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलायला कुणी हरकत घेत नाही.

सभेत तसंच चाललं होतं. एका सहकाऱ्यानं म्हटलं, ‘इब्राहीम सरांनी आपला सण किती आपलासा केला होता.’ ते मनापासून म्हणाले, त्यांच्यात कपट नाही. पण तो ‘आपला’ माझ्या कानात रुतला. पोळ्याला तुझ्या अब्बांनी नाल मारल्याशिवाय बोरीचा एक बैल तोरणाखाली उभा राहत नव्हता. तुझाच सण तुला कुणी आपलासा करायला लावत होतं? आणि मग दारात निकिता दिसली. भिंतीला टेकून, पायाशी पेटी.

मी उठलो आणि सांगितलं. वर लिहिलं तेवढंच, त्याहून कमी शब्दांत.   सचिवांनी मान खाली घातली. शेवटी मी ‘मले माफ कर इब्राहीम’ असं म्हणालो आणि खाली बसल्यावर माझ्या लक्षात आलं की मी ‘मले’ म्हणालो.

सभा संपल्यावर नसीमभाभी थांबून राहिल्या.  त्यांनी पदर सारखा केला.

‘मनोहरभाऊ, तुमाले काय वाटलं, त्यायले मालूम नव्हतं?’

मी मान वर केली.

‘त्याच दिवशी घरी येऊन बोल्ले. कोनी नाही बोल्लं नसीम, मन्याच भेला, म्हने. मी म्हनलं, मंग भांडून घ्या ना, इतक्या वर्साचा दोस्त आहे, कोन लोक म्हनून इचारा त्याले. तं म्हने, इचारलं, अन् लोक नाही, तोच आहे असं निंगालं, तं मी कुठं जाऊ?’

हे ऐकून मी घरी कसा पोचलो ते मला सांगता येणार नाही.

मला वाटत होतं, तुला फसवलं हा माझा अपराध. तो लहान निघाला. तुला सगळं कळलं होतं, आणि तरी तू विचारलं नाहीस, कारण विचारलं असतं तर इथली तुझी जागाच खरी की खोटी ते ठरलं असतं, आणि माझ्या उत्तरावर तुला भरवसा नव्हता. ज्या पोरानं मला या इमारतीत बसायला शिकवलं, त्याला मी असं करून ठेवलं की एक प्रश्न विचारायचीही त्याला भीती वाटावी. आणि त्या भीतीत तू रोज मला फोन करत राहिलास, तो स्वतःसाठी नाही. एका मुलीसाठी. तुझ्या जागेचं जे व्हायचं ते होवो, तिची जाऊ नये म्हणून.

तू विचारलं असतंस तर मी खरं बोललो असतो का, हे मी स्वतःला रोज विचारतो. हो असं छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही. तुला खोटं सांगायचं मी थांबवलं आहे, म्हणून हेही लिहितो.

निकिता राहिली. मला माफ केलं का, ते मी विचारलं नाही, तिनंही काढलं नाही. गेटावर मी आता उभा राहत नाही. काल दुपारी ती माझ्या खोलीत आली. दार वाजवलं, पण मी बस म्हणायच्या आत समोरची खुर्ची ओढून बसली.

‘सर, होस्टेलच्या मांगच्या मोरीत दिवा नाही. आल्यापासून नाही. पोरी मोबाइल धरून जाते. आज लागला पाह्यजे.’

‘उद्या बघतो. अर्ज लिहून दे.’

‘अर्ज कायले? दिवा नाही तं नाही. आज लावा.’

मी इलेक्ट्रिशियनला फोन लावला. तो म्हणाला, तासाभरात येतो. मी तिला तसं सांगितलं. म्हटलं, जा तू आता, लावतील ते.

ती उठली नाही. वही काढून मांडीवर घेतली आणि तो येईपर्यंत तिथंच बसून राहिली.